क्लाउड डेटाबेस क्लस्टरच्या सेटिंग्जचे कोडमधून व्यवस्थापन (कोकण किनारपट्टीच्या संदर्भात)

डेटाबेसने एका वेळी किती कनेक्शन्स घ्यायची, एका क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) किती मेमरी द्यायची, किती सेकंदांनंतर अडकलेली क्वेरी तोडायची, कोणती संथ क्वेरी लॉगमध्ये उतरवायची, असे शेकडो निर्णय डेटाबेस क्लस्टरच्या (एकत्र काम करणाऱ्या डेटाबेस सर्व्हरांच्या संचाच्या) सेटिंग्जमध्ये साठवलेले असतात. ही मूल्ये क्लाउड कंपनीच्या कन्सोलवर जाऊन हाताने बदलण्याऐवजी फाइलमध्ये लिहायची, ती फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवायची, बदल दुसऱ्याच्या नजरेखालून घालायचा आणि मग टेराफॉर्मसारख्या साधनाकडून क्लस्टरवर लागू करायचा, अशी ही पद्धत आहे. ‘इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज कोड’ या मोठ्या पद्धतीचा, म्हणजे सर्व्हर वगैरे यंत्रणा कोडमध्ये मांडण्याचा, हा एक भाग. सर्व्हर उभा करण्याचा कोड बहुतेक टीम लिहितात. सेटिंग्ज मात्र कन्सोलवरच राहून जातात, आणि त्रास नेमका तिथून सुरू होतो.

स्वतःच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस (एक डेटाबेस सॉफ्टवेअर) चालवणारा माणूस कन्फिगरेशन फाइल उघडून ओळ बदलू शकतो. मॅनेज्ड सेवेत, म्हणजे क्लाउड कंपनी स्वतः डेटाबेस चालवून देते तिथे, सर्व्हरच्या फाइल सिस्टिमपर्यंत पोचताच येत नाही आणि पूर्ण सुपरयूझर (सर्वोच्च) अधिकारही मिळत नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या मॅनेज्ड सेवेवर सेटिंग बदलण्याची ‘अल्टर सिस्टिम’ ही आज्ञा चालत नाही. तिथे ‘पॅरामीटर ग्रुप’ (सेटिंग्जचा संच) तयार करून तो डेटाबेसला जोडावा लागतो. मूळचा डीफॉल्ट ग्रुप बदलता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच स्वतःचा ग्रुप केलेला बरा. अरोरामध्ये (अ‍ॅमेझॉनच्याच क्लस्टर स्वरूपाच्या डेटाबेसमध्ये) याचे दोन थर आहेत, एक अख्ख्या क्लस्टरचा आणि एक प्रत्येक इन्स्टन्सचा (क्लस्टरमधल्या एकेका सर्व्हरचा). इतर क्लाउड कंपन्यांकडे नावे आणि रचना वेगळी असते. पण वाट शेवटी त्या कंपनीच्या एपीआयमधूनच (प्रोग्रॅमने आज्ञा देण्याच्या दारातूनच) जाते, आणि म्हणूनच ती कोडला सोयीची ठरते.

सर्व्हरची अवस्था फाइलमध्ये मांडण्याची कल्पना जुनी आहे. सीएफइंजिन हे साधन १९९३ मध्ये आले, पपेट २००५ मध्ये. अ‍ॅमेझॉनने आरडीएस २००९ मध्ये आणि क्लाउडफॉर्मेशन हे स्वतःचे साधन २०११ मध्ये सुरू केले. हॅशीकॉर्पचे टेराफॉर्म जुलै २०१४ मध्ये आले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने त्याचा मुक्त परवाना बदलला, तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू ही वेगळी शाखा निघाली. सेटिंग्जपुरते पाहिले तर दोन्हींतला रोजचा कोड जवळजवळ सारखाच आहे.

कोकणात हा विषय का महत्त्वाचा

‘क्लाउड’ म्हटले की काहीतरी दूरचे वाटते, पण महाराष्ट्रातल्या क्लाउडचा मोठा भाग कोकणातच उभा आहे. ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात देशातली मोठी डेटा सेंटर्स आहेत. अ‍ॅमेझॉनचा मुंबई रीजन (एका भागातल्या डेटा सेंटर्सचा गट) जून २०१६ मध्ये सुरू झाला, गूगलचा २०१७ मध्ये. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढल्यावर अशा देशी रीजनची गरज आणखी वाढली. रत्नागिरीत किंवा कुडाळात बसून हापूसच्या पेट्यांची ऑर्डर घेणारे, मालवण-तारकर्लीच्या होमस्टेचे बुकिंग सांभाळणारे सॉफ्टवेअर लिहिले, तर त्याचा डेटाबेस साहजिकच मुंबई रीजनमध्ये ठेवला जातो.

हाच किनारा पाण्याचाही आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या भागांतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्यालगत गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. डेटा सेंटर अशा दिवसांसाठी बांधलेले असते, तरी शहाणी टीम डेटाची एक प्रत अ‍ॅमेझॉनच्या हैदराबाद रीजनमध्ये ठेवते. ही सोय नोव्हेंबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

इथे एक बारकावा हमखास निसटतो. स्नॅपशॉट (डेटाबेसची त्या क्षणाची प्रत) दुसऱ्या रीजनमध्ये पाठवला की डेटा जातो, पण पॅरामीटर ग्रुप जात नाही, कारण तो त्या त्या रीजनपुरता असतो. हैदराबादेत डेटाबेस उभा केला तर तो डीफॉल्ट सेटिंग्जवर उठतो. कनेक्शन्सची मर्यादा वेगळी, टाइमआउट वेगळे, संथ क्वेरींचा लॉग बंद. मुंबईत तीन वर्षे घासूनपुसून बसवलेली मूल्ये संकटाच्या दिवशी कुणाला तोंडपाठ आठवणार? ती कोडमध्ये असतील तर रीजनचे नाव बदलून तोच कोड चालवता येतो. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांसाठी या पद्धतीचे सर्वांत ठोस कारण हेच आहे.

एक बदल जवळून

समजा, आंबा विक्रीच्या साइटचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. पाडव्यापासून ऑर्डरी चढू लागतात, अक्षय्य तृतीयेला गर्दी होते आणि पाऊस सुरू झाला की हंगाम आटोपतो. कोडमधली ओळ अशी: ‘मॅक्स_कनेक्शन्स = ३००’, आणि तिच्या डोक्यावर कॉमेंट: ‘# आंबा हंगाम; जूनमध्ये परत १५० करणे’. टेराफॉर्मला ‘प्लॅन’ सांगितले की तो प्रत्यक्ष क्लस्टरची अवस्था वाचतो, फाइलशी ताडून पाहतो आणि ‘१५० → ३००’ असा फरक दाखवतो. या टप्प्यावर काहीही बदललेले नसते. ‘अ‍ॅप्लाय’ म्हटल्यावरच बदल होतो. ती कॉमेंट या सगळ्यातली सर्वांत मौल्यवान ओळ आहे. कन्सोलवर आकडा दिसतो, पण तो का टाकला हे तिथे कुठेच लिहिलेले नसते. आणि ज्याने टाकला तो पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

हा बदल लगेच लागू होत नाही. पोस्टग्रेसमधली ‘मॅक्स कनेक्शन्स’ आणि ‘शेअर्ड बफर्स’ (सर्वांची सामायिक मेमरी) ही मूल्ये सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचली जातात. त्यांना रीस्टार्ट लागतो. ‘वर्क मेम’ (क्वेरीतल्या एका कामाची मेमरी) किंवा ‘स्टेटमेंट टाइमआउट’ (क्वेरी तोडण्याची मुदत) चालू सर्व्हरवर बदलतात. आरडीएस पहिल्या जातीला स्टॅटिक आणि दुसरीला डायनॅमिक म्हणते. स्टॅटिक सेटिंगच्या बाबतीत कोडमध्ये ‘रीबूटनंतर लागू’ असे स्पष्ट लिहावे लागते. अ‍ॅप्लाय हिरवा झाला म्हणजे बदल झाला, असे समजून टीम घरी जाते आणि सर्व्हर जुन्याच आकड्यावर चालत राहतो, असे पुष्कळदा घडते. पोस्टग्रेसच्या ‘पीजी_सेटिंग्ज’ या व्ह्यूमध्ये ‘पेंडिंग_रीस्टार्ट’ नावाचा रकाना आहे. अ‍ॅप्लायनंतर तो पाहिल्याशिवाय काम संपले म्हणू नये.

रेप्लिका (डेटाबेसची सतत जुळवली जाणारी प्रत) असेल तर क्रमही पाहावा लागतो. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या स्ट्रीमिंग रेप्लिकेशनमध्ये स्टँडबायवरची (प्रतीवरची) कनेक्शन्सची मर्यादा प्रायमरीपेक्षा (मूळ डेटाबेसपेक्षा) कमी चालत नाही. म्हणून वाढवताना आधी स्टँडबाय, कमी करताना आधी प्रायमरी.

आकडा लिहिताना एकक सांभाळावे लागते, आणि बहुतेक घोळ इथेच होतात. आरडीएसवर ‘शेअर्ड बफर्स’ ८ केबीच्या पानांमध्ये मोजले जातात. २ जीबी हवे असतील तर २६२१४४ लिहायचे. कुणी एमबी समजून २०४८ लिहिले तर मिळतात फक्त १६ एमबी, आणि डेटाबेस काहीही तक्रार न करता मंदावतो. ‘वर्क मेम’ केबीमध्ये असते. पोस्टग्रेसमध्ये त्याचे मूळ मूल्य ४ एमबी. एखादा रिपोर्ट संथ चालतो म्हणून ते ६४ एमबी केले आणि ३०० कनेक्शन्सनी एकेक सॉर्ट (माहिती क्रमाने लावण्याचे काम) एकाच वेळी केला, तर गरज जवळजवळ १९ जीबीवर जाते. ८ जीबीचे मशीन तिथे झोपते. एका क्वेरीत असे अनेक सॉर्ट असू शकतात, तेव्हा हा अंदाज कमीच धरायचा. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासणीसाठी मांडतात त्या विनंतीत) हा गुणाकार करून पाहणारा दुसरा माणूस असणे, हा रिव्ह्यूचा खरा उपयोग. त्याने आणखी एक प्रश्न विचारावा: कनेक्शन्स वाढवायलाच हवीत का? पीजीबाउन्सरसारखा पूलर (थोडी कनेक्शन्स अनेकांत वाटून देणारा मध्यस्थ) मध्ये ठेवला तर हंगामातही १५० पुरे पडण्याची शक्यता चांगली असते.

वेळ

देखभालीची वेळ, म्हणजे मेंटेनन्स विंडो, आरडीएसवर यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) लिहायची असते. सोमवारी पहाटे २ हवे असतील तर कोडमध्ये रविवार २०:३० येते. न विचार करता सोमवार ०२:०० लिहिले, तर आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि ऑर्डरी सुरू झालेल्या असतात. टाइमझोनच्या सेटिंगचेही तसेच. डेटाबेस यूटीसीवर असला आणि दिवसाची विक्री थेट तारखेवर मोजली, तर मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंतच्या ऑर्डरी आदल्या दिवसात जमा होतात. डेटाबेस यूटीसीवरच ठेवून भारतीय वेळ क्वेरीत किंवा स्क्रीनवर करणे अधिक सुरक्षित. मात्र ‘एशिया/कोलकाता’ ठेवायचे ठरलेच, तर ते मूल्य सर्व रेप्लिकांसाठी एकाच फाइलमधून यायला हवे.

पावसाळा, लॉक आणि स्टेट फाइल

टेराफॉर्म आपण काय काय बनवले याची नोंद स्टेट फाइलमध्ये ठेवतो. या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा असू शकतो, म्हणून ती गिटमध्ये कधीही टाकू नये. एन्क्रिप्शन आणि लॉक असलेल्या सामायिक साठ्यात ठेवावी. दोघांनी एकाच वेळी अ‍ॅप्लाय केले तर लॉक दुसऱ्याला थांबवतो.

आता जुलैतली संध्याकाळ घ्या. लॅपटॉपवरून अ‍ॅप्लाय चालू आहे आणि लाइट जाते, तिच्यामागून राउटरही. क्लस्टरवरचा बदल झालेला असतो, पण स्टेटमध्ये तो उतरलेला नसतो आणि लॉक तसाच अडकलेला असतो. फक्त नेट गेले आणि लॅपटॉप चालू राहिला, तर टेराफॉर्म ‘एररड.टीएफस्टेट’ नावाची फाइल जागेवरच लिहून ठेवतो. ती जपून नंतर साठ्यात ढकलता येते. अडकलेला लॉक ‘फोर्स-अनलॉक’ने निघतो, पण आधी दुसऱ्या कुणाचे काम खरोखर चालू नाही ना, हे फोन करून विचारावे. यावर उपाय एकच: अ‍ॅप्लाय घरच्या लॅपटॉपवरून करूच नये, तो क्लाउडमधल्या सीआय रनरवर (कोड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालवावा. मग देवरुखातली वीज गेली तरी अ‍ॅप्लाय पुरा होतो. आपण फक्त मंजुरी दिलेली असते.

ड्रिफ्ट

कोडमध्ये एक आणि क्लस्टरवर दुसरे, या तफावतीला ड्रिफ्ट म्हणतात. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी साइट अडकली, तर कन्सोलवर जाऊन टाइमआउट बदलणे चूक नाही. ग्राहक ताटकळत असताना पुल रिक्वेस्टची वाट बघण्यात अर्थ नाही. चूक होते ती दुपारी तो बदल कोडमध्ये न उतरवण्याची. पुढच्या आठवड्यात कुणीतरी वेगळ्याच कामासाठी अ‍ॅप्लाय करतो आणि टेराफॉर्म प्रामाणिकपणे जुना टाइमआउट परत बसवतो. रोज सकाळी आपोआप प्लॅन चालवून फरक निघाल्यास टीमला कळवण्याची सोय करणे थोडक्या श्रमाचे आहे.

आवृत्ती बदलताना आणि ओळ काढताना

पॅरामीटर ग्रुप डेटाबेसच्या मुख्य आवृत्तीला बांधलेला असतो. पोस्टग्रेस १५ चा ग्रुप १६ ला चालत नाही. नवा करावा लागतो. वापरात असलेला ग्रुप काढता येत नाही, म्हणून ‘आधी नवा बनव, मग जुना काढ’ असे कोडमध्ये सांगावे लागते, नाहीतर अ‍ॅप्लाय अर्ध्यात अडकतो.

कोडमधून एखादी ओळ खोडली म्हणजे सेटिंग मूळ मूल्यावर जाईलच असे नाही. आरडीएसच्या पॅरामीटर ग्रुपमध्ये ते जाते. काही सेवांमध्ये मात्र टेराफॉर्म ते सेटिंग फक्त स्वतःच्या नोंदीतून काढतो आणि क्लस्टरवर जुना आकडा तसाच राहतो. तिथे ओळ खोडण्याआधी मूळ मूल्य स्पष्ट लिहून एकदा अ‍ॅप्लाय करावे, क्लस्टरवर ते दिसले की मगच ओळ काढावी.