एक प्यादं जास्त, तरीही बरोबरी

ठाण्यात किंवा वाशीत एखादी क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांची, बुद्धिबळ स्पर्धा बघायला गेलात, तर सगळ्यांत उशिरा संपणाऱ्या पटांवर बऱ्याचदा हेच उरलेलं असतं: दोन राजे, दोन हत्ती आणि एकाकडे एक जादा प्यादं. बघ्यांना वाटतं, प्यादंवाला जिंकला. पण समोरच्याला फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोरने १७७७ साली छापलेला बचाव येत असेल, तर डाव बरोबरीत सुटतो.

पटावर ए ते एच हे उभे स्तंभ आणि १ ते ८ या आडव्या ओळी, पांढऱ्याच्या बाजूने मोजलेल्या. समजा, पांढऱ्याचा राजा डी५ वर, प्यादं ई५ वर, हत्ती एच७ वर आहे आणि काळ्याचा राजा ई८ वर, प्याद्याच्या वाटेतच. काळ्याने हत्ती ए६ वर ठेवायचा आणि सहाव्या ओळीतच सरकवत राहायचं. घाई नको! त्या ओळीवर पांढऱ्या राजाला पाऊल टाकता येत नाही. कंटाळून पांढऱ्याने प्यादं ई६ वर ढकललं, की लगेच हत्ती ए१ वर न्यायचा आणि मागून शह द्यायला लागायचं. राजाला लपायला ई६ हे एकच चांगलं घर होतं, तिथे आता त्याचंच प्यादं उभं आहे.

क्लबमध्ये चुकतं ते इथेच. हत्ती आधीच ए१ वर गेला, तर राजा डी६ वर येतो आणि शह बसताच ई६ वर सरकतो. पाठीशी प्यादं असल्याने मागचे शह संपले, वर आठव्या ओळीत मात करण्याची धमकी. अजूनही डाव वाचतो, पण घड्याळात दोन मिनिटं उरली असताना तो वाचवणं कठीण. आठव्या ओळीत हत्ती घालून बसणं त्याहून वाईट: मधल्या प्याद्यापुढे तसा डाव हरतो.

सात सोंगट्यांपर्यंतच्या स्थिती संगणकाने पूर्ण सोडवल्या आहेत. ही पाचांची, आणि निकाल बरोबरीच.

खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा म्हणजे रेटिंग, आणि ते ठरतं एलो सूत्राने. विजयाला १ आणि बरोबरीला ०.५ गुण धरला, तर समान रेटिंगच्या दोघांत प्रत्येकाकडून ०.५ गुणाची अपेक्षा असते, म्हणून बरोबरीने रेटिंग हलत नाही. रेटिंगमध्ये १०० गुणांनी वरचढ असलेल्याकडून ०.६४ अपेक्षित असतो. के, म्हणजे रेटिंग किती वेगाने हलतं ते ठरवणारा गुणक, २० असेल तर बरोबरीत त्याचे २.८ रेटिंग गुण जातात. म्हणूनच तो तासभर प्यादं रेटत बसतो.

शहांमुळे तीच स्थिती, त्याच खेळाडूच्या चालीवर, तिसऱ्यांदा येणार असेल, तर बरोबरीचा दावा करता येतो. त्यासाठी चाल पटावर करू नका. आधी ती स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर, लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. सोंगटीला हात लागला की त्या चालीपुरता दाव्याचा हक्क गेला. दावा खोटा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि लिहिलेली चाल करावीच लागते.