पशुलसीकरण प्रबोधन (पुणे जिल्हा)

दोन-चार गाई-म्हशी किंवा शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबांना कोणती लस कधी आणि का टोचायची, हे समजावण्याचे काम. राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय आणि लसी बनवणारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था, दोन्ही पुण्यात औंधला आहेत. तरी लस गोठ्यापर्यंत पोहोचते ती मालकाला पटली तरच.

लाळ्या खुरकुताची (तोंडात व खुरांत फोड आणणाऱ्या साथीच्या रोगाची) लस दर सहा महिन्यांनी देतात. वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा आणि महिन्याभराने बूस्टर. घटसर्प (गळा सुजून श्वास कोंडणारा जनावरांचा रोग) व फऱ्या (मांडी-खांद्याला सूज आणणारा रोग) यांची लस पावसाळ्याआधी. सांसर्गिक गर्भपाताची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदाच. २०१९ च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून लाळ्या खुरकूत व सांसर्गिक गर्भपाताची लस मोफत मिळते आणि जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला मारला जातो.

नकार बहुधा एकाच वाक्यात येतो: ‘सुई टोचली की दूध आटतं.’ ही भीती अडाणीपणाची नाही. लशीनंतर एक-दोन दिवस दूध घटू शकते, कणकण येते, टोचल्या जागी गाठ येते. दुधाच्या पगारावर घर चालणाऱ्याला तेवढी घटही जाणवते, म्हणून हे आधीच सांगून टाकावे. मग लाळ्या खुरकूत झाला तर काय होते ते सांगावे: तोंडातून लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात फोड, बरी झालेली गाय पुढे उन्हात धापा टाकते आणि पूर्वीइतके दूध देत नाही. लशीची ताकद अंगात यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे साथ शेजारच्या गावात आल्यावर धावपळ करून उशीर झालेला असतो.

सभा चावडीवर भरली की पुरुष येतात. धार, वैरण, शेण मात्र बायकांकडे. त्यापेक्षा सकाळी दूध संकलन केंद्रावर, कॅन रिकामा करून दुधाची फॅट मोजली जाईपर्यंतच्या पाच मिनिटांत झालेले बोलणे जास्त कामी येते. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, हेही तिथेच सांगावे. बर्फाचा डबा घेऊन डॉक्टर आले आणि जनावरे रानात चरत असली, तर फेरी वाया जाते.

मेंढपाळांचे वेळापत्रक निराळे. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्यांना (मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांच्या तांड्यांना) निघण्याआधीच गाठावे लागते.

२०२२ च्या लम्पीच्या (अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाच्या) साथीत गाईंना शेळ्यांच्या देवी रोगाची लस दिली गेली. ‘शेळीची लस गाईला कशी चालंल?’ या प्रश्नाला उत्तर साधे आहे: दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून एकाची लस दुसऱ्याला अडवते.