म्हाकुळाच्या चेतापेशींतील मोटर प्रथिने : जनुकक्रमाधारे अभ्यास

म्हाकुळाच्या (स्क्विडच्या) चेतापेशींत मालाची ने-आण करणाऱ्या प्रथिनांची घडण त्यांच्या जनुकांचा आणि आरएनएचा क्रम वाचून तपासण्याची पद्धत. गोव्यात म्हाकुळाला माणकी म्हणतात. मालीम आणि कुटबणच्या जेटीवर उतरणारी भारतीय जात आणि या संशोधनात सर्वाधिक वापरलेली अटलांटिकमधली ‘डोरिट्यूथिस पेलेई’ या एकाच कुळातल्या.

माणकी उभी चिरून उघडली, की आवरणाच्या आतल्या अंगाला, डोक्याकडच्या बाजूस, चेतापेशींचा एकेक पुंजका दिसतो. त्यातून मज्जातंतू पंख्यासारखे फाकतात. रस्सा करताना सुरी तिथून सहज फिरून जाते. पण यांतल्या मोठ्या अक्षतंतूची, म्हणजे चेतापेशीतून निघणाऱ्या लांब धाग्याची, जाडी जवळपास एक मिलिमीटर भरू शकते. त्यातला गर टूथपेस्टसारखा पिळून काढता येतो आणि पेशीबाहेरही त्यातली वाहतूक चालू राहते. याच सोयीमुळे १९८५ साली रोनाल्ड व्हेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांना अमेरिकेतील वूड्स होल येथे कायनेसिन सापडले. हे मोटर प्रथिन सूक्ष्मनलिकेवरून, म्हणजे पेशीतल्या रुळासारख्या नळीवरून, ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत माल पेशीकायेकडून (पेशीच्या मुख्य भागाकडून) अक्षतंतूच्या टोकाकडे नेते. डायनिन हे दुसरे मोटर प्रथिन तो उलट दिशेने आणते.

पुढचे काम क्रमवाचनाचे, आणि इथे म्हाकूळ चकवते. नुसता डीएनए वाचून तिची प्रथिने कळत नाहीत. तिच्या पेशी आरएनएमधील अॅडेनोसिन या अक्षराचे इनोसिन करतात. प्रथिन बनवताना पेशी ते ग्वानोसिन हे दुसरेच अक्षर समजून वाचते आणि प्रथिनात वेगळेच अमिनो आम्ल बसते. म्हणून एकाच प्राण्याचा डीएनए आणि आरएनए शेजारी ठेवून जुळवावे लागतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा जुळवणीत प्रथिन बदलणाऱ्या ५७,००० हून अधिक जागा आढळल्या. माणसात अशा जागा तुलनेने फारच थोड्या.

२०२३ मध्ये कविता रंगन आणि सामारा रेक-पीटरसन यांनी दाखवले, की पाण्याचे तापमान बदलताच म्हाकूळ कायनेसिनच्या आरएनएतील बदलही झपाट्याने बदलते. गार पाण्यात तयार होणारी रूपे प्रयोगशाळेत बनवून एकेका रेणूची चाल पाहिली, तेव्हा थंडीत ती अधिक सरस ठरली. वेगवेगळ्या ऊतींतल्या रूपांची चालही वेगळी निघाली.

गोव्यातून नमुना घ्यायचा तर बर्फातली माणकी डीएनएला चालते. आरएनए लवकर नासतो, त्यामुळे ऊती होडीवरच जतन करायला हवी आणि पाण्याचे तापमानही तिथेच टिपायला हवे. अडचण वेळापत्रकाची आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगत खालचे गार पाणी वर येते, म्हणजे तुलनेसाठी हवा तोच हंगाम; आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात.