मोफत दिवाणी कायदेविषयक सहाय्य (महाराष्ट्र)

जमिनीचं वाटप, भाडं, पोटगी, वारसा, नुकसानभरपाई असल्या दिवाणी भांडणात ज्याला वकील परवडत नाही त्याला सार्वजनिक खर्चानं वकील देणं, कोर्ट फी आणि नकलांचा खर्च उचलणं, आणि कोर्टात जायच्या आधी नुसता सल्ला देणं, हे सगळं यात येतं. कायद्याच्या भाषेत याला विधी सेवा म्हणतात, संविधानाच्या मराठी पाठात कायदेविषयक सहाय्य, आणि गावाकडं लोक सरळ ‘सरकारी वकील मिळतो’ असं म्हणतात. पण हा शब्द घोटाळ्याचा आहे. सरकारी वकील सरकारची बाजू मांडतो, तर विधी सेवेचा वकील पक्षकाराचा असतो आणि त्याचं वकीलपत्र पक्षकारच सही करून देतो.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. एक मत असं की मूळ नादारीच्या दाव्यात आहे. इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीच्या काळात, १४९५ मध्ये, गरिबाला फी न भरता दावा करू देणारा कायदा झाला, तीच कल्पना पुढं इथल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आली आणि १९०८ च्या संहितेत ती आदेश ३३ म्हणून बसली. १९७६ च्या दुरुस्तीआधी त्यात नादार कोण याची व्याख्या वाचण्यासारखी होती: कोर्ट फी भरायची ऐपत नाही तो, आणि जिथं फी ठरलेली नाही तिथं अंगावरचे गरजेचे कपडे आणि दाव्याचा विषय सोडून ज्याच्याकडं १०० रुपयांचीही मालमत्ता नाही तो. म्हणजे नेसूचं लुगडं मोजायचं नाही, बाकी भांडीकुंडी मोजायची. १९७६ ला हा आकडा १,००० रुपये झाला, जप्तीतून सूट असलेली मालमत्ता हिशोबातून वगळली गेली आणि नादार हा शब्द जाऊन निर्धन व्यक्ती आला. तो आकडा आजही १,०००च आहे.

या आदेशाची रीत अशी की अर्जासोबत आपल्या सगळ्या मालमत्तेची यादी किमतीसकट जोडायची, मग कोर्ट विरुद्ध पक्षाला आणि सरकारी वकिलालाही नोटीस काढतं, आणि दोघंही ‘हा गरीब नाही’ असा पुरावा देऊ शकतात. मुदतीच्या कायद्यापुरता दावा अर्जाच्या तारखेलाच दाखल झाला असं धरतात, ही मोठी सोय. दावा जिंकला तर माफ केलेली फी सरकार वसूल करतं आणि दाव्याच्या विषयावर त्या रकमेचा पहिला बोजा बसतो. दावा हरला तर फी वादीलाच भरायचा आदेश होतो. म्हणजे ही माफी नाहीच, उधारी आहे. पुढं २००१ मध्ये युनियन बँक ऑफ इंडिया विरुद्ध खादर इंटरनॅशनल कन्स्ट्रक्शन या खटल्यात सुप्रीम कोर्टानं व्यक्ती या शब्दात कंपनीही येते असं ठरवलं, त्यामुळं आज एखादी कंपनीसुद्धा निर्धन म्हणून दावा लावू शकते.

पण वकिलाचं काय? जुन्या आदेशात वकील देण्याची तरतूदच नव्हती, १९७६ ला नियम ९अ घातला तेव्हा कुठं कोर्टाला निर्धन वादीसाठी वकील नेमता येऊ लागला. म्हणून नादारीच्या दाव्याला विधी सहाय्याचा पूर्वज म्हणणं ठीक, सुरुवात म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. त्यापेक्षा बॉम्बे लीगल एड सोसायटीपासून मोजणं जास्त पटतं. तिचं स्थापना वर्ष बहुतेक ठिकाणी १९२४ देतात, क्वचित १९२५ पण दिसतं. ही वकिलांनी स्वतःहून चालवलेली संस्था होती, सरकारी नव्हे.

सरकार यात उतरलं ते १९४९ ला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विधी सहाय्याचा कायदा झाला आणि इकडं मुंबई सरकारनं हायकोर्टाचे न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं तालुक्यापासून राज्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची यंत्रणा सुचवली. आज जी तालुका समिती, जिल्हा प्राधिकरण, राज्य प्राधिकरण अशी उतरंड दिसते तिचा आराखडा इथंच सापडतो. १९५८ मध्ये सेटलवाडांच्या विधी आयोगानं चौदाव्या अहवालात हीच बाजू उचलून धरली, पण पैसा नाही म्हणून राज्यांनी हात वर केले आणि अहवाल पडून राहिला.

पुढचा धागा फार गमतीचा नाही पण महत्त्वाचा आहे, कारण तो घरातच राहिला. नटवरलाल भगवतींचे चिरंजीव प्रफुल्लचंद्र भगवती यांच्याच अध्यक्षतेखाली गुजरातची समिती बसली आणि १९७१ ला तिचा अहवाल आला. मग १९७३ ला कृष्ण अय्यर समितीचा अहवाल, १९७७ ला दोघांचा मिळून, आणि १९८० ला केंद्राची अंमलबजावणी समिती, तिचे अध्यक्षही धाकटे भगवतीच. मधे ४२ व्या घटनादुरुस्तीनं मोफत कायदेविषयक सहाय्याचं कलम ३९क आलं, ३ जानेवारी १९७७ पासून लागू. ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळं त्याच्या जोरावर थेट हक्क मागता येत नव्हता. होस्कॉट (१९७८), हुसैनारा खातून (१९७९), महाराष्ट्रातल्या महिला कैद्यांबद्दलचा शीला बर्से (१९८३) या निकालांनी हक्क आणला, पण तो आरोपींसाठी, जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम २१ मधून. घटस्फोटित बाईच्या पोटगीला किंवा कुळाच्या दाव्याला त्यातून फारसं काही मिळालं नाही. दिवाणी बाजूची उपेक्षा इथं सुरू झाली आणि अजून पुरती संपलेली नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. ही आठ वर्षं कुठं गेली याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे काही तरतुदींवर हायकोर्टांच्या मुख्य न्यायाधीशांचे आक्षेप होते, म्हणून १९९४ ला दुरुस्ती करावी लागली. कलम १२ मध्ये पात्र लोक दिलेत: अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मुलं, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त, मानवी व्यापार किंवा वेठबिगारीचे बळी, ताब्यात असलेले, आणि उत्पन्न मर्यादेखाली असलेले. मूळ कायद्यात ही मर्यादा ९,००० रुपये होती, ती वाढवायचा अधिकार राज्याला आहे आणि महाराष्ट्रात ती आता वर्षाला ३ लाख आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही, हे अजून कित्येक बायकांना माहीत नसतं आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्या तहसील कार्यालयात उगाच खेपा घालत बसतात. शिवाय महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, मात्र त्यातले ‘मालमत्तेचे वाद’ म्हणजे नेमके कुठले यावर हायकोर्टात बरीच झोंबाझोंबी झालेली आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते बघा. समजा सातबाऱ्यावर भावांची नावं चढली आणि विधवा बहिणीचं राहिलं. तिनं तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं साध्या कागदावर अर्ज करायचा, सोबत आधार, फेरफाराचा उतारा आणि असतील ती कागदं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी चालतं, तिथला कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतो. समितीचे अध्यक्ष तालुक्यातले सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश असतात. २०१० च्या विनियमांप्रमाणं अर्जावर निर्णय शक्यतो त्याच दिवशी, फार तर ७ दिवसांत व्हायला हवा. मंजूर झाला की पॅनलवरचा वकील मिळतो आणि त्यानं पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.

लोक अदालत, म्हणजे तडजोडीनं वाद मिटवायची जागा, याच कायद्यातली. पहिली मात्र कायद्याच्या आधीच, १४ मार्च १९८२ ला जुनागढ जिल्ह्यात उना इथं भरली असं सांगतात. तिच्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं, अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते. पण तडजोड झाली तरच निवाडा, लोक अदालतीला स्वतः न्यायनिवाडा करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग (२००८) मध्ये स्पष्ट केलंय.

ही सेवा टिकून आहे याचं मुख्य कारण ती आता जीआरवर चालत नाही, कायद्यावर चालते, आणि राष्ट्रीय, राज्य, जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर तिचा निधी कायद्यानंच वेगळा ठेवलाय. तरी २०२२ च्या योजनेत पूर्णवेळ वकिलांची जी लोक अभिरक्षक कार्यालयं निघाली ती फक्त फौजदारी कामासाठी आहेत. दिवाणी काम पूर्वीसारखं पॅनलवरच्या वकिलांवरच आहे, मिळणारी फी खासगी कामाच्या मानानं थोडी आणि दावा वर्षानुवर्षं चालणारा. वकील तारखेला येत नसेल तर पक्षकाराला समितीकडं तक्रार करून दुसरा वकील मागता येतो, आणि चालू प्रकरणांवर नजर ठेवायला विनियमांत देखरेख समितीही आहे. टोल फ्री नंबर १५१०० आहे, तो दिवाणी प्रकरणांसाठीही चालतो.