कठड्यावरील रॉड होल्डर

होडीच्या नळीदार कठड्याला पकड आवळून बसवलेले, गळाचा रॉड धरून ठेवणारे साधन. होडी चालू ठेवून तिच्यामागे बनावट आमिष ओढत नेणे म्हणजे ट्रोलिंग. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर सुरमईसाठी हौशी मंडळी ते आवडीने करतात. तासन्‌तास रॉड हातात धरवत नाही, म्हणून होल्डर लागतो. कठड्याला भोक पाडावे लागत नाही, ही या प्रकाराची मोठी सोय. तसे भोक पाडूही नये, कारण पातळ पत्र्याची नळी तिथेच कमजोर होते.

मासा लागला की होल्डर मोडण्याआधी पकड नळीवर गर्रकन फिरते. याचे कारण साध्या गणितात आहे. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, 20 किलोच्या ओढीला तुटणारा असेल तर रीलचा ड्रॅग (ठरावीक ओढीला दोरी सुटू देणारा ब्रेक) साधारण त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे 5-6 किलोवर लावतात. होल्डर मागच्या आडव्या कठड्यावर आहे आणि वाकलेल्या रॉडचे टोक पकडीच्या एक मीटर वर आहे असे धरू. नळीची त्रिज्या जेमतेम साडेबारा मिलिमीटर, म्हणजे तरफ ऐंशीपट. टोकाला बसलेली 5 किलोची ओढ नळीच्या पृष्ठभागावर 400 किलो होऊन येते. हे सगळे ओझे नुसत्या घर्षणाने पेलायचे असते. बाजूच्या कठड्यावर ओढ नळीच्या दिशेनेच असते. तिथे पकड फिरण्याऐवजी कलते किंवा मागे सरकते. म्हणून ती उभ्या खांबाला अगदी टेकवून, खांबाच्या पुढच्या अंगाला बसवावी. तारेच्या कठड्यावर होल्डर कधीच लावू नये.

त्यामुळे नळीच्या मापाची पकड निवडणे हे अर्धे काम. नळ्या बहुधा 22, 25 किंवा 32 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या असतात. कॅलिपर नसेल तर नळीभोवती दोरा गुंडाळून मोजावा. दोरा अनुक्रमे 70, 80 किंवा 100 मिलिमीटरच्या आसपास भरतो. सैल पकडीत सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक पातळ वेढा चालतो. तीन-चार वेढे घातले तर रबरच पिळवटते आणि होल्डर डोलू लागतो. आवळताना चारही बोल्ट तिरक्या जोडीने, थोडे थोडे करून घ्यावेत. पकडीच्या दोन्ही अर्धुकांमध्ये शेवटी बारीक, सगळीकडे सारखी फट उरली पाहिजे. फट पूर्ण मिटली तर अर्धुके एकमेकांवरच आवळली गेली आहेत, नळीवर नाहीत.

खाऱ्या हवेत धातूची निवड महत्त्वाची ठरते. 316 प्रतीच्या स्टेनलेसमध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून क्षाराने पडणाऱ्या खड्ड्यांना ते 304 प्रतीच्या स्टेनलेसपेक्षा चांगले तोंड देते. स्टेनलेसच्या नळीवर ॲल्युमिनियमची पकड थेट बसवली तर ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी सुटते, त्यामुळे मध्ये रबर किंवा नायलॉनचे अस्तर हवेच. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडाच घाईने फिरवला तर आटे एकमेकांत रुतून कायमचे अडकतात. आधी आट्यांना ग्रीस लावावे आणि नायलॉनचे कडे असलेला लॉकनट वापरावा. इंजिनाच्या थरथरीने साधा नट सैल होतो.

कोकणातल्या लाकडी होडीला असा गोल कठडा बहुधा नसतो. तिथे काठाच्या फळीतून आरपार बोल्ट घेऊन, खालून रुंद वॉशर लावून पट्टीचा होल्डर बसवणे बरे.

आवळून झाल्यावर पकड आणि नळी या दोन्हींवरून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पहिल्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर पकड फिरली आहे. होल्डरच्या नळकांड्यात तळाशी आडवी पिन असल्यास रॉडच्या बुडाची खाच तिच्यावर बसली आहे ना, हेही बोटांनी चाचपून पाहावे. रीलला बांधलेल्या सुरक्षेच्या दोरीचे दुसरे टोक होल्डरला न बांधता थेट कठड्याच्या खांबाला बांधावे, म्हणजे होल्डर निखळला तरी रॉड समुद्रात जात नाही.