'पुश द बोट आउट' म्हणजे 'स्प्लॅश आउट' नव्हे

ब्रिटिश बोलभाषेतील 'स्प्लॅश आउट' आणि 'पुश द बोट आउट' हे दोन वाक्प्रचार आपल्याकडील शब्दसूचींमध्ये शेजारी-शेजारी दिलेले मला वारंवार आढळतात आणि दोन्हींपुढे 'पाण्यासारखा पैसा खर्च करणे' एवढाच अर्थ लिहिलेला असतो. एकात पाणी उडते आणि दुसऱ्यात होडी लोटली जाते, एवढ्या साम्यावरून हा अर्थ चिकटवला गेला असावा. तो दोन्हींना लागू पडत नाही, आणि दुसऱ्यावर तर अन्याय करतो.

'स्प्लॅश आउट' बहुतेकांच्या परिचयाचा आहे. मनात भरलेल्या, गरजेच्याच असतील असे नाही अशा वस्तूवर सढळपणे पैसे घालणे, एवढाच त्याचा आशय आहे. त्याला निमित्त लागत नाही आणि सोबतीला कोणी लागत नाही. 'हौसेला मोल नाही' असे म्हणत एखाद्याने मंगळवारी दुपारी स्वतःसाठी महागडा कोट घेतला, तरी हे क्रियापद चपखल बसते.

'पुश द बोट आउट'मध्ये मात्र खर्चाच्या आधी प्रसंग येतो. साठावा वाढदिवस, लग्नाचा सुवर्णमहोत्सव, मुलीचे लग्न, नाताळचे जेवण, असे काही तरी समोर असते आणि त्या प्रसंगासाठी, बहुधा इतरांना आनंद देण्यासाठी, माणूस आपल्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च करतो. 20व्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश नौदलाच्या बोलीत याचा अर्थ सोबत्यांसाठी मद्याची फेरी स्वतःच्या पैशाने मागवणे असा होता, आणि आदरातिथ्याची ती छटा आजही टिकून आहे. स्वतःच्या खरेदीबद्दल तो वापरणारे ब्रिटिश लोकही आहेत, परंतु तेव्हासुद्धा 'आज काही तरी विशेष आहे' ही भावना त्यामागे असते.

येथे निर्णायक ठरते ती रक्कम नव्हे, तर नेहमीच्या रीतीपासूनचे अंतर. ज्या घरी एरवी चहाबरोबर साधी बिस्किटे मिळतात, तेथे पाहुण्यांसाठी उत्तम केक आणि शॅम्पेनची एक बाटली आली, की त्या घराने होडी लोटली असे म्हणता येते. उलट रोजच शॅम्पेन पिणाऱ्या धनाढ्याने आणखी एक बाटली उघडली, तर हा वाक्प्रचार तेथे निरर्थक ठरतो. म्हणूनच यजमानाचे टेबल पाहून पाहुणा 'तुम्ही तर खरोखरच होडी लोटलीत!' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य म्हणतो, तेव्हा ती मनापासूनची दाद असते. त्याच टेबलापुढे 'स्प्लॅश आउट' म्हटले, तर यजमानाच्या आपुलकीपेक्षा त्याच्या पाकिटाकडे लक्ष गेल्यासारखे वाटते, आणि हे टाळलेलेच बरे.

वाक्यरचनेतही हा फरक उमटतो. 'स्प्लॅश आउट' नंतर सहसा 'ऑन' येते आणि पुढे वस्तू येते. मधे 500 पाउंडांसारखी रक्कमही सहज बसते. 'पुश द बोट आउट'च्या पुढे स्वाभाविकपणे 'फॉर' आणि प्रसंग किंवा व्यक्ती येते, रक्कम तेथे बसवता येत नाही. 'बोट' नेहमी एकवचनीच राहते. अनेक यजमान असले तरी होड्या अनेक होत नाहीत.

खर्चाच्या वाक्प्रचारांच्या यादीत आणखी काही इंग्रजी वाक्प्रचार घ्यायचा मोह होतो, पण तेही वेगळे आहेत. 'पेंट द टाउन रेड' म्हणजे रात्रभर बाहेर मौजमजा करणे, त्यात खर्च असेलच असे नाही. 'ब्रेक द बँक' बहुधा नकारार्थीच येते: फार महाग नाही, हे सांगण्यासाठी. 'रॉक द बोट' (सुरळीत चाललेल्या गोष्टीत खळबळ माजवणे) आणि 'पुश द एन्व्हलप' (रूढ मर्यादेपलीकडे जाऊ पाहणे) यांचा खर्चाशी संबंधच नाही, त्यामुळे त्यांना या यादीत घेऊ नये.

मराठीत लिहिताना मी 'पुश द बोट आउट'साठी 'हात सैल सोडणे' हाच पर्याय निवडतो आणि प्रसंग वाक्यात आवर्जून सांगतो: 'आईच्या साठीला त्यांनी हात सैल सोडला.' 'उधळपट्टी' हा शब्द येथे मला मुळीच मान्य नाही, कारण त्यात दोषारोप आहे, आणि 'ऋण काढून सण करणे' तर त्याहून दूरचे आहे; 'पुश द बोट आउट'मध्ये कर्जाची सूचना कोठेही नाही. शिवाय अमेरिकन वाचकासाठी इंग्रजीत लिहिणाऱ्याने हा वाक्प्रचार टाळावा, कारण अमेरिकेत तो प्रचारात नाही आणि पुष्कळांना तो शब्दशः होडीविषयीच वाटेल.