बडोद्याच्या रुखवतातलं लव्हेंडर

परवा दांडिया बाजारातल्या एका लग्नात रुखवत बघत उभी होते. साटोऱ्यांची उतरंड, रंगवलेली बोळकी, मोत्यांची महिरप, सगळं नेहमीचं. मध्येच काचेच्या बरणीत फिक्या जांभळ्या दोऱ्याचे, क्रोशाने विणलेले दहा-बारा तुरे. आत्याने नवरीच्या बहिणीला विचारलं, "अगं, या मंजिऱ्या कुणी विणल्या?" ती हसली. "मंजिऱ्या नाहीत हो काकू, लव्हेंडर आहे ते."

खरं तर आत्याचं फारसं चुकलं नव्हतं. लव्हेंडर तुळशीच्याच कुळातलं. पुदिना आणि सब्जाही त्यातलेच. तसाच चौकोनी दांडा, आणि त्याच्याभोवती टप्प्याटप्प्याने कडं धरून येणारी बारीक फुलं. विणणारी नेमकं हेच पकडते. वीस-पंचवीस साखळ्या घालायच्या आणि परत येताना प्रत्येक साखळीत तीन साखळ्यांची एकेक पाकळी अडकवत यायचं. मूळ पट्टी तेवढीच राहते, कडेला मात्र दोरा कितीतरी जास्त जातो, म्हणून पट्टी आपोआप जिलबीसारखी वळायला लागते. नवशिकी इथे घाबरून उसवते. उसवायचं नाही, ते वळणंच हवं असतं. मग हिरवा दोरा गुंडाळलेल्या तारेवर ती पट्टी चढवायची, टोकाला घट्ट, खाली जरा सैल. एक कडं मुद्दाम बोटभर खाली सुटं ठेवलं की तुरा खऱ्यासारखा दिसतो.

'क्रोशे' हा शब्द फ्रेंच, अर्थ साधा: आकडी. बडोद्यातल्या गुजराती शेजारणी या कामाला अंकोडीचं गूंथण म्हणतात, म्हणजे तेच. आपण मराठी माणसांनी मात्र परका शब्द उचलून त्याचा क्रोशा केला. गंमत अशी, की आकडीची ही युक्ती गुजरातला जुनीच. कच्छ-सौराष्ट्रातले मोची चामड्यावरची आरी कापडावर चालवून रेशमाच्या साखळीचं भरतकाम करत. पश्चिम भारतातलं असं साखळी टाक्याचं काम सतराव्या शतकात जहाजांनी युरोपात जात होतं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये डफासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून आकडीने साखळी काढायची पद्धत रुळली. पुढे कुणीतरी खालचं कापडच काढून टाकलं, नुसती साखळी हातात राहिली आणि तोच क्रोशा, असं काही अभ्यासक मानतात. आरीवाल्याचं मनगट एकदा चालताना बघितल्यापासून मला तरी ते पटतं. क्रोशाचे छापील नमुने १८२३ मध्ये 'पेनेलोपे' या डच मासिकात आले.

सुटं फूल विणायची रीत आयर्लंडची. १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा मठांतल्या जोगिणींनी आणि जमीनदारांच्या बायकांनी गावोगावी क्रोशा शिकवला. कुणी गुलाब विणायची, कुणी पानं, कुणी द्राक्षाचा घोस. मग हे सुटे तुकडे जाळीने जोडून कॉलर तयार व्हायची. आजची बरणीतली फुलं त्याच वळणाची, फक्त आता जाळीला सुट्टी.

रंगाची हकिकत सुईपेक्षा रंगतदार आहे. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा डांबरातून निघणाऱ्या रसायनांपासून हिवतापावरचं कोयनेल बनवायला गेला आणि भांड्यात जांभळा रंग सापडला. तोवर पक्का जांभळा म्हणजे श्रीमंतांची चैन. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने लेकीच्या लग्नात फिका जांभळा नेसला आणि कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. हे रसायनशास्त्र बडोद्यात शिकवायला सुरुवात झाली १८९० मध्ये. सयाजीराव महाराजांनी काढलेल्या कलाभवन या तंत्रशाळेत त्रिभुवनदास गज्जर रंगकाम शिकवायचे. याच गज्जरांनी पुढे मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कुणी फासलेलं डांबर साफ करून दिलं. राणी, डांबर आणि रंग, तिघांची अशी पुन्हा गाठ पडली!

१९१४ मध्ये महाराणी चिमणाबाईंनी स्त्री उद्योगालय सुरू केलं. बायकांच्या हातच्या कामाला मोल यावं हा हेतू. घराघरातला क्रोशा मात्र बराच काळ पांढराच राहिला. ताटावरचे रुमाल, देवघराची झालर, रेडिओवरचं आच्छादन. सुती दोरा, साबणाच्या पाण्यात उकळला की पुन्हा शुभ्र. आताचा जांभळा बहुतेक ॲक्रिलिक, त्याला गरम पाणी सोसत नाही. शिवाय पावसाळ्यात आतली तार गंजते. जुनं काम धुऊन वापरायचं होतं, हे फक्त बघायचं. मला ते जरा खटकतं, पण बरणीपुढून हलवत नव्हतं हेही खरं.

खरं झाड इथे लावून उपयोग नाही. लव्हेंडरला थंड कोरडी हवा आणि पाणी न साचणारी जमीन लागते. आपल्याकडे ते जम्मूच्या भद्रवाह भागात पिकतं. बडोद्याचा मे महिना त्याला भाजतो आणि जुलै कुजवतो.

निघताना त्या मुलीला विचारलं, एका तुऱ्याला किती वेळ लागतो. "हात बसला की वीस मिनिटं," ती म्हणाली. म्हणजे बारा तुऱ्यांना चार तास, चिकटवणं वेगळं. खरा क्रोशा अजून कारखान्यातल्या यंत्रांवर विणला जात नाही. दुकानात 'मशीन क्रोशा' म्हणून मिळते ती लेस निराळ्या विणीची. तरी ऑर्डर देणारे तिला मंगळ बाजारातल्या प्लास्टिकच्या फुलांचा भाव सांगतात.